कोंडाईची नजर

ही गोष्ट कोणत्या सालची, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण तेव्हा माणदेशाच्या माळावर माणसं थोडी होती, मेंढरं उदंड होती आणि मेंढरांच्या मागे लांडगे होते, एवढं मात्र सगळे सांगतात. त्या माळावर खैरमाळ नावाची धनगरांची वाडी होती. वीस-बावीस घरं, एक लिंब, एक आड आणि बिरोबाचं उघड्यावरचं ठाणं. मावळतीला लांबच लांब टेकाड होतं. त्या टेकाडापलीकडे कुणी विनाकारण जात नसे.

या वाडीत कोंडा नावाची एक बाई होती. तिच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून ती जन्मली तशी तिच्या आईने तिला सुपात घालून शेजारणीला दिलं आणि ओंजळभर कोंडा देऊन परत घेतलं. देवाला वाटावं, हे काही मोलाचं लेकरू नाही, कोंड्याच्या भावाचं आहे, मग तो नेणार नाही. देवाने नेलं नाही. कोंडा जगली. पण जगलेल्या माणसाला जे जे बघावं लागतं, ते सगळं तिला बघावं लागलं.

लग्न होऊन ती खैरमाळात आली. तिला मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी तो तिच्याकडे टक लावून बघत होता, ती त्याच्याकडे बघत होती, आणि तसाच बघता बघता तो गेला. सासू रडत रडत म्हणाली, "किती बघत बसलीस गं त्याच्याकडं! तुझीच नजर लागली माझ्या सोन्याला."

दुःखात निघालेला शब्द तो. सासूच्या मनातून तो दोन दिवसांत गेला असेल. पण ऐकणाऱ्या बायकांच्या मनातून गेला नाही. पुढे शेजारणीच्या मेंढीचं दूध आटलं, तेव्हा कुणाला तरी आठवलं की सकाळी कोंडा तिथून गेली होती. कुणाचं पोर तापलं, तेव्हा आठवलं की तिने त्याला हसून हाक मारली होती. पुढे तिचा नवरा पान लागून, म्हणजे साप चावून गेला आणि वाडीची खात्रीच झाली. कोंडाची नजर जड आहे. ती दिसली की बायका पोरांना पदराआड घेऊ लागल्या, भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकू लागल्या.

सगळ्यात वाईट हे की कोंडालाही ते खरं वाटलं. तिने बिरोबापुढे भंडारा उचलला. म्हणाली, "देवा, माझ्या नजरेनं कुणाचं लेकरू जाऊ नये. आजपास्नं मी कुणाच्या पोराच्या तोंडाकडं बगनार न्हाई." आणि तिने पदर असा खाली ओढला की हनुवटीपर्यंत आला. वाडीतून जाताना तिला फक्त आपली पावलं दिसत. वर्षं गेली, केस पिकले, मेंढराच्या धक्क्याने खडकावर पडून एक पाय अधू झाला, पण पदर वर गेला नाही. व्रत म्हणजे व्रत. मनापासून धरलं होतं तिने.

फक्त माळावर, जिथे पोरं नसत, तिथे ती पदर मागे टाकायची. तिथे तिच्या सोबतीला असायचा खंड्या. करड्या रंगाचा, एक कान फाटलेला धनगरी कुत्रा. बाकी कुणी तिच्या डोळ्यांकडे बघत नसे, खंड्या मात्र दिवसभर बघायचा. आणि असं म्हणतात, कुत्रा माणसाच्या नजरेत काय वाचतो ते कोंडाने त्याच्याकडूनच शिकून घेतलं.

पहिल्यांदा तिला ते कळलं भाकरीवरून. ती वाडीत पदर ओढून बसली की टोपलीतली भाकरी अर्धी व्हायची. माळावर पदर वर केला की खंड्या आपला चार हात लांब, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, जणू भाकरी नावाची वस्तू त्याने जन्मात पाहिलेली नाही. कोंडाला हसू फुटलं. तिने गंमत केली. ती भाकरीकडे तोंड करून बसली, पण डोळे मिटून. खंड्या हळूच पुढे आला. तिने डोळे उघडले. खंड्या मागे गेला आणि कान खाजवू लागला. तिने पाठ फिरवली, पण मान वळवून डोळा टोपलीवर ठेवला. खंड्या हलला नाही. तेव्हा तिला कळलं, याला माणसाचं अंग कुठे आहे त्याचं काही नाही. याला माणसाची नजर कुठे आहे ते कळतं.

"लबाडा," ती म्हणाली, "तुला माज्या डोळ्यांचं भ्या न्हाई, लाज हाय व्हय रं?"

खंड्याने शेपटी आपटली.

आणि जे खंड्याला कळतं, ते टेकाडावरच्या त्यालाही कळतं, हे तिने बघितलं. तो म्हणजे लांडगा. मोठा, पाठीवर काळी रेघ असलेला. कोंडा त्याच्याकडे बघत असली की तो बसून राहायचा, जांभया द्यायचा, अंग चाटायचा. ती पायातला काटा काढायला वाकली आणि मान वर केली, की तो वीस पावलं पुढे आलेला असायचा आणि पुन्हा बसलेला. काठीला तो भीत नव्हता. हाळीला भीत नव्हता. माणूस किती, ते मोजतच नव्हता. तो डोळे मोजत होता.

एक फरक तेवढा तिच्या ध्यानात आला. कोकरू काटेरी जाळीत अडकलं की खंड्या दोनदा झटायचा आणि मग वळून तिच्या तोंडाकडे बघायचा. जाळीकडे, तिच्याकडे, पुन्हा जाळीकडे. ती बोट करील तिकडे धावायचा. लांडगा कधी अडला तरी माणसाच्या तोंडाकडे मदतीला बघत नाही. माणूस कुठे बघत नाही, तेवढं तो बघतो.

मग तो दुष्काळ आला.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मेंढरं आधी माळावर मेली, मग वाड्यात मेली. मेंढरं संपली तसे लांडगे टेकाडावरून खाली बघू लागले. दोन कोसांवर तलावाचं काम निघालं होतं. जो मातीच्या पाट्या उचलील त्याला संध्याकाळी ओंजळभर ज्वारी मिळायची. जो न जाईल त्याला काही नाही. वाडीतली हातीपायी धड अशी सगळी माणसं उजाडता जाऊ लागली. म्हातारी माणसं त्या उन्हाळ्यात आधीच गेली होती. प्रश्न पोरांचा होता. चालती-रांगती अकरा पोरं. छपरात कोंडली तर उन्हाने घेरी येऊन पडत. तलावावर नेली तर मुकादम हाकलून देई.

वाडीचा कारभारी होता सोमाजी. त्याने सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. मागे राहण्याजोगं माणूस एकच होतं. लंगडी कोंडा.

"तिच्या हवाली?" सगुणा नावाची बाई ताडकन उठली. तिला दोन लेकरं होती, तीन वर्षांचा नाम्या आणि अंगावरची जनी. "त्यापरीस लांडग्याच्या हवाली करा की!"

कोंडा लांब, पदर ओढून बसली होती. तिथूनच ती हळू म्हणाली, "भावजी, मी सांबाळीन. पन एक ऐका. लांडगं काठीला भीत न्हाईत. पोरांवर कुनाचं तरी डोळं पायजेत."

"तुजं सोडून कुनाचंबी चालतील," मागून कुणीतरी म्हणालं, आणि भुकेली माणसंसुद्धा हसली.

शेवटी सोमाजीने तोड काढली. मेंढरांच्या रिकाम्या वाड्याला काट्यांचं कुंपण होतंच. त्यात पोरं ठेवायची. दारात कोंडाने बसायचं, पोरांकडे पाठ करून. आणि डोळ्यांवर पट्टी बांधायची, चार पदरी. पदराचा काय भरवसा, वाऱ्याने उडायचा. राखायला खंड्या आहे. कोंडाने फक्त हाक ऐकायची, पाणी द्यायचं, पोर रडलं तर थोपटायचं.

जगात कुठल्या गावाने राखणदाराचे डोळे बांधले असतील? खैरमाळाने बांधले. आणि कोंडाने मान पुढे केली, कारण तिलाही वाटलं, बरोबरच आहे.

नऊ दिवस नीट गेले. कोंडाने डोळ्यांवाचून राखण करायची आपली रीत काढली. घटकाघटकाने ती एकेका पोराला नावाने हाक मारायची आणि पोर "हू" म्हणायचं. म्हाकू? हू. ठमी? हू. नाम्या? नाम्याचा हू सगळ्यांत मोठा, लांडग्याला भिववायला म्हणून. पोरांना तो खेळच झाला. असं म्हणतात, त्या पोरांपैकी कुणालाच कोंडाची भीती वाटत नव्हती. तिच्या पाठीला टेकून ती झोपायची.

दहाव्या दिवशी, ऊन ऐन डोक्यावर असताना, खंड्या गुरगुरला. मग गुरगुर थांबली. त्याचं ओलं नाक तिच्या तळहातात घुसलं. तो पळत गेला, पुन्हा आला, पुन्हा तिच्या गालाला नाक लावलं. तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. जसा जाळीत अडकलेल्या कोकराकडून वळून तिच्याकडे बघायचा, तसा. पण तिथे डोळे नव्हते, फडकं होतं. काय करावं ते त्याला कळेना.

कोंडाचा हात गाठीकडे गेला. गाठीला लागला. आणि तिला पाचवीचा तो दिवस आठवला, ते टक लावलेले इवलेसे डोळे आठवले. हात खाली आला.

"म्हाकू?" ती म्हणाली.

"हू."

"ठमी?"

"हू."

"नाम्या?"

वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं.

"नाम्या, निजलास व्हय रं? ... नाम्या?"

मग तिने रांगत रांगत प्रत्येक डोकं चाचपलं. दहा डोकी होती.

संध्याकाळी माणसं परतली. सगुणाचा आवाज टेकाडापर्यंत गेला. पुरुष चुडी पेटवून निघाले आणि त्यांना टेकाडाच्या कडेला करगोट्याचा काळा दोरा मिळाला, तीन वर्षांच्या पोराच्या कमरेचा. बाकी काही मिळालं नाही. सोमाजीने कोंडाच्या डोक्यामागची गाठ चाचपली. घामाने ती सैल झाली होती.

"गाठ ढिली हाय," तो एवढंच म्हणाला.

"बगितलंस तू!" सगुणा तिच्या अंगावर धावली. "माज्या नाम्याला बगितलंस! बगितल्याबिगर कसा जाईल?"

"न्हाई गं लेकी," कोंडा म्हणाली. "बगितलं न्हाई. बगितलं न्हाई म्हनूनच गेला."

तिचं म्हणणं कुणाला कळलं नाही. काहींना वाटलं, म्हातारी भ्रमली. सगुणाला वाटलं, आपल्याला टोचून बोलतेय.

मग दोन दिवस म्हसू नावाचा गडी काठी घेऊन मागे राहिला. तो पोरांकडे तोंड करून बसला आणि लांडगा आला नाही. लोक म्हणाले, काठीला भ्याला. तिसऱ्या दिवशी म्हसूच्या घरात दाणा उरला नाही, तोही कामावर गेला. पोटापुढे कुणाचं चालतं? पुन्हा कोंडाच दारात बसली. पण आता पट्टी गाठ मारून भागणार नव्हतं. सगुणा सुई-दोरा घेऊन आली. सात पदरी फडकं कोंडाच्या डोळ्यांवर गुंडाळून ती त्याची टोकं मागे शिवू लागली, केसांसकट. सुई टाळूत गेली, रक्त आलं. कोंडा हलली नाही.

"घट शीव, लेकी," ती म्हणाली. "माजाबी मला भरवसा न्हाई."

सगुणाने दातांनी दोरा तोडला. तिने जनीला गोधडीत गुंडाळून सावलीला ठेवलं आणि मागे न बघता पाटी उचलून गेली.

त्या दिवसांत कोंडाने काय विचार केला, ते कुणाला ठाऊक? पण असं म्हणतात, फडक्याआड तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. खंड्या आपल्या फडक्याकडे बघतोय आणि टेकाडावर तो दुसराही बघतोय. दोघांनाही कळलंय, इथे कुणी बघत नाही. एक त्यामुळे रडतोय, दुसरा त्यामुळे उठलाय.

पाचव्या दिवशी, त्याच वेळी, खंड्याचं नाक पुन्हा तिच्या तळहातात घुसलं.

या वेळी कोंडाने हाक मारली नाही. ती बिरोबाला म्हणाली, "देवा, व्रत मोडते. पाप माज्या डोळ्यांवर घाल, पोरांवर घालू नगंस." आणि तिने दोन्ही हातांनी फडकं धरून ओढलं. शिवण केसांत होती. केस आले, कातडी आली, रक्त कपाळावरून भुवयांवर आलं. आणि इतक्या दिवसांनी उजेड डोळ्यांत शिरला, तापल्या सळईसारखा.

कुंपणाच्या फटीपाशी तो उभा होता. पाठीवर काळी रेघ. तोंडात गोधडीचं टोक आणि गोधडीत जनी.

कोंडा ओरडली नाही. दगड उचलला नाही. तिने फक्त बघितलं. इतक्या वर्षांत कुणाकडे बघितलं नव्हतं, ते सगळं बघणं तिने साठवून ठेवलं होतं, ते आता बाहेर आलं. आणि लांडगा जागच्या जागी थांबला. असं म्हणतात, त्याची फुगलेली मान हळूहळू खाली बसली आणि जबडा सुटला. जनी मातीवर पडली आणि रडायला लागली.

पोर रडलं की कुठलीही बाई आधी पोराकडे बघते. कोंडाने बघितलं नाही. तिला माहीत होतं, नजर तसूभर ढळली की संपलं. समोर खंड्या उभा होता, लांडग्याकडे आणि तिच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत, सांग म्हणत. तिने त्याच्याकडेही बघितलं नाही. नजर लांडग्यावर तशीच ठेवून तिने हात लांबवला आणि गोधडीकडे बोट केलं.

लांडग्याला त्या बोटाचा अर्थ नव्हता. खंड्याला होता. तो बोटाच्या रेघेने लांडग्याच्या नाकाखाली गेला, गोधडीचं टोक दातांत धरलं आणि ओढत ओढत पोर तिच्या पायाशी आणलं.

मग ती एक पाय ओढत पुढे निघाली आणि लांडगा मागे मागे गेला. वाडीच्या कडेला एक बसका खडक होता. तिथे ती बसली. लांडगा टेकाडावर जाऊन बसला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

संध्याकाळी माणसं आली ती हे बघायला. फाटलेलं फडकं, रक्ताने माखलेलं तोंड, आणि उघडे डोळे. सोमाजीने काठी उचलली.

"पट्टी तोडलीस! आता कुनाला खाल्लंस?"

सगुणा वाड्यात धावली. जनी होती. सगळी होती, अकरातली उरलेली दहा. तिने जनीची गोधडी उलगडली. गोधडीला दातांची चार भोकं होती. पोराच्या अंगावर ओरखडा नव्हता. सगुणा बराच वेळ त्या भोकांत बोट घालून बसली. मग उठली, खडकापाशी गेली आणि कोंडाच्या तोंडाकडे नाही, ती जिकडे बघत होती तिकडे बघितलं.

"कारभारी," ती म्हणाली, "काठी खाली ठिवा. म्हातारी काय बगतीया ते बगा आदी."

सगळ्यांनी बघितलं. टेकाडावर एक नव्हता. एकामागे एक पाच बसले होते.

"उठ काकी, घरला चल," सगुणा रडत म्हणाली.

"न्हाई लेकी. आता उटले तर त्यो येईल. पोरं माज्या मागं खेळू देत. मी हितंच हाय."

आणि कोंडा उठली नाही. ती झोपली नाही, डोळे मिटले नाहीत. असं म्हणतात, एकवीस दिवस तिची पापणी लवली नाही. माळावरची माती वाऱ्याने तिच्या डोळ्यांत जायची, डोळे लाल व्हायचे, मग पिवळे झाले, पण ढळले नाहीत. माणसं निर्धास्त कामावर जात. पोरं तिच्या पाठीमागे खेळत. रोज पहाट फुटल्यावर सगुणा आपल्यातली अर्धी भाकरी तिच्या ओटीत ठेवून जाई. त्यातला घासभर ती खाई, बाकीचं संध्याकाळपर्यंत तसंच राही. खंड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. तो पायाशी बसे, भाकरीकडे बघे, तिच्या डोळ्यांकडे बघे, आणि मान खाली घाले. तिने स्वतः हाताने दिलेला तुकडा तेवढा घेई.

बाविसाव्या दिवशी सगुणा भाकरी ठेवून वळली. चार पावलं गेली असेल, तोच मागून कोंडाने हाक मारली.

"सगुणे. वाईच हिकडं ये."

"काय गं काकी?"

"खंड्यानं भाकरी उचलली."

सगुणाने बघितलं. ओटी रिकामी होती आणि खंड्या लांब जाऊन खात होता. "खाऊ दे की बिचाऱ्याला. मी दुसरी आनते."

"तसं न्हाई लेकी." कोंडा शांतपणे बोलत होती. डोळे उघडेच होते, टेकाडावरच लागलेले. "माज्या डोळ्यांदेखत त्यो कंदी खात न्हाई. मला वाटत हुतं, आज दिस उगवायला का उशीर लागतुया. दिस उगवला असंल. माजं डोळं गेलं."

सगुणाने वाकून तिच्या डोळ्यांपुढे हात फिरवला.

"खंड्याला कळलं," कोंडा म्हणाली, "म्हंजी त्यालाबी कळलं. बग तिकडं. काय दिसतंय?"

टेकाड रिकामं होतं. लांडगे टेकाडावर नव्हते. ते टेकाड आणि वाडीच्या मधोमध, उघड्या माळावर होते. पुढे तो काळ्या रेघेचा, आणि तो चालत होता.

"येतोय," सगुणा म्हणाली.

"पळू नगंस. वराडू नगंस. हितं बस, माज्या म्होरं." कोंडाने चाचपून तिचा हात धरला आणि तिला खडकावर खाली बसवलं. "आता तू बग."

"मला जमंल का गं? तुजी नजर येगळी हुती."

"येगळी कशाची? बाईचीच नजर ती. नाम्याला डोळ्यांम्होरं आन, मग बग."

सगुणाने बघितलं. जिच्या हातांनी सुई चालवली होती, तिने डोळ्यांत पाणी येऊ न देता बघितलं, कारण पाणी आलं तर लांडगा दिसला नसता. तिला तिथे बसलेली बघून म्हाकूची आई आली आणि शेजारी बसली. मग ठमीची आई आली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पाट्या तिथेच पडल्या, त्या दिवशी तलावावर कुणी गेलं नाही. सोमाजी कारभारीही आला आणि काठी बाजूला टाकून बायकांच्या मागे बसला. अख्खी वाडी माळाकडे तोंड करून बसली. पाठी पोरांकडे, डोळे लांडग्यांकडे.

दुपार टळेपर्यंत तो काळ्या रेघेचा उभा होता. मग त्याने मान वळवली. तो गेला, त्याच्यामागे बाकीचे गेले, टेकाडापलीकडे. असं म्हणतात, पुन्हा त्या टेकाडाच्या अलीकडे लांडग्याचं पाऊल उमटलं नाही.

"गेला," सगुणा म्हणाली. "काकी, गेला."

"बरं झालं," कोंडा म्हणाली. तिचा हात खंड्याच्या डोक्यावर होता. "आता कुनाचं तरी पोर द्या गं माज्या मांडीवर. बगायची भीती न्हाई आता."

सगुणाने जनीला तिच्या मांडीवर ठेवलं. कोंडाने आंधळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि जनी हसली. तशाच बसल्या बसल्या दिवस मावळताना कोंडा गेली. तिच्या पापण्या मिटायला सोमाजीने तीनदा हात फिरवला. तीनदा त्या उघडल्या. मग सगुणा म्हणाली, "राहू द्या. आपुनच कितींदा झाकायचं तिला?" त्यांनी तिला बसलेल्या स्थितीत, टेकाडाकडे तोंड करून, त्याच खडकाशी माती दिली. खंड्या तिथून उठला नाही. तो तिथेच गेला, तेव्हा त्यालाही तिच्या पायाशी पुरलं.

दुष्काळ पुढे सरला. मेंढरं पुन्हा आली. बायकांनी खडकाला शेंदूर लावला आणि त्यावर चुन्याने दोन डोळे काढले. नाक नाही, तोंड नाही, नुसते डोळे. ती कोंडाई. आज तिथे नवसाचे चांदीचे डोळे इतके आहेत की उन्हात खडक लांबून लखलखतो.

खैरमाळात आजही बाळाला तीट लावत नाहीत. बाराव्या दिवशी आई त्याला खडकापाशी नेते, अंगडं-टोपडं काढून कोंडाईच्या समोर धरते आणि म्हणते, "आई, बघ गं माझ्या लेकराकडं. पोटभर बघ." दुसऱ्या गावची माणसं ऐकून बिचकतात. खैरमाळात कुणाची नजर जड आहे असं म्हणायची बंदी आहे. म्हटलं, तर म्हणणाऱ्याने दिवसभर खडकापाशी बसून राखण करायची. आणि कुणीही कुत्र्याला भाकरी टाकून पाठ फिरवून जायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघून द्यायची.

आणि चैत्रात एक दिवस असा येतो की सगळी वाडी चूल थंड ठेवते आणि दुपारी खडकापाशी माळाकडे तोंड करून बसते. पोरं सगळी पाठीमागे. वाडीतली सगळ्यात वडील बाई पोरांना एकेकाच्या नावाने हाक मारते आणि पोरं "हू" म्हणतात. पण पहिली हाक नाम्याची असते. "नाम्या?" असं म्हणून ती थांबते. कुणी उत्तर देत नाही. वारा असला तर वाऱ्याचा आवाज येतो. तेवढा वेळ लहानथोर कुणीही पापणी लववत नाही, सगळ्यांचे डोळे टेकाडावर असतात. आणि त्यांच्या पायाशी बसलेली वाडीची कुत्री टेकाडाकडे बघत नाहीत, माणसांच्या तोंडाकडे बघतात.

मग पुढचं नाव घेतात.

कोंडाई जशी त्यांच्या लेकरांकडे बघते, तशी ती ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्यांच्याही लेकराबाळांकडे बघो.